सेल न लागणारा कॅमेरा आपल्याकडे कधी?

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या जुन्नरकडे बिबट्यासाठी बांधावर लावलेल्या कॅमेऱ्याचे सेल नेमके नको तेव्हा संपतात, परवा चिखलात ताजे ठसे होते अन् फोटो एकही नाही. कोलंबिया युनिव्हर्सिटीत प्रोफेसर श्री नायर यांच्या टीमने २०१५ लाच बॅटरीशिवाय चालणारा कॅमेरा बनवलाय, म्हणजे जो पिक्सेल उजेड मोजतो तोच मधल्या वेळात सोलर पॅनलसारखी वीज बनवतो, किती साधी अन् भारी आयडिया! चित्र ३० बाय ४० पिक्सेलचं, सेकंदाला एक, तेही उजेड चांगला असेल तरच. बिबट्या रात्री येतो, तिथंच खरी अडचण आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी हाच प्रश्न प्रोजेक्टला घ्यावा, ट्रायलसाठी आमचा ऊस आहेच.

– एक शेतकरी, जुन्नर