वरच्या मजल्यावरच्या मुला, तुझे आभार

प्रिय मुला,

तुझं नाव लिहीत नाही, कारण "काकू, माझं नाव कुठे टाकू नका हं" असं तू जाताना दोनदा बजावलंस. पण आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मागच्या सोमवारी संध्याकाळी मी त्या निळ्या स्क्रीनसमोर बसून अक्षरशः रडत होते. घरात लॅपटॉप एकच. लेकीला कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी उबुंटू हवं, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात ती लिनक्सची एक प्रणाली, आणि माझं विंडोजशिवाय पान हलत नाही, कारण पानं लावायचं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही आणि दिवाळी अंकाची जुळणी सगळी त्यात. म्हणून बाजारातल्या एका दुकानात लॅपटॉप दिला आणि म्हटलं, दोन्ही बसवून द्या. त्यांनी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, काहीतरी बदललं आणि विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागायला लागलं. "की आहे का? नाही? मग डेटा गेला समजा, फॉर्मॅट मारतो." एवढं बोलून तो माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा. आत लावून झालेली 112 पानं होती आणि पेनड्राइव्हवरची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आले. आयटीतल्या एका नातेवाइकांना फोन केला, तर त्यांनी बॅकअपचं महत्त्व सांगितलं. बरोबरच होतं त्यांचं, पण बुडणाऱ्याला पोहायचे धडे कशाला?

तू आलास आणि आधी एवढंच विचारलंस, "काकू, लॅपटॉप नवा होता तेव्हा कुठला ईमेल टाकला होता?" लेकीनं टाकला होता. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्कला बहुधा आपोआप कुलूप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते, हे मला तेव्हा कळलं. पाच मिनिटांत मोबाइलवर ते 48 आकडे समोर होते. दुकानात हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर!

पण माझ्या मनात राहिलं आहे ते त्यानंतरचं. तू आकडे सरळ मोबाइलवरून बघून टाइप करू शकला असतास. तू वही मागितलीस. माझी हिशेबाची लाल वही दिली, तर शेवटच्या पानावर सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकाखाली एक, ठसठशीत लिहिलेस. मग वही माझ्या हातात देऊन म्हणालास, "तुम्ही वाचा, मी टाइप करतो." माझा आवाज कापत होता. तिसऱ्या गटाला मी अडखळले, तर तू थांबलास. "सावकाश. प्रत्येक गटाला अकरानं भाग जातो, चुकला तर तिथल्या तिथे कळतं." मला खरं वाटेना, म्हणून मी समासात पहिल्या गटाला भागून पाहिलं. बाकी शून्य! तू तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिलास. माझ्या लॅपटॉपचं कुलूप तू मला उघडायला लावलंस रे. दिवसभर सगळ्यांनी मला अडाणी ठरवलं होतं, त्यानंतर हे.

पुढचं सगळं, म्हणजे पानांची प्रत काढणं, डिस्कवर जागा करणं, उबुंटू बसवणं, तू रात्री साडेअकरापर्यंत केलंस. प्रत्येक पायरीला "हे करू ना?" असं विचारून. दुसऱ्याच्या वस्तूला विचारून हात लावावा, हे आपल्याकडे लहानपणी शिकवतात आणि कामाला लागलं की माणसं विसरतात. तुझ्या आईवडिलांना भेटले तर हे सांगणार आहे.

आणि मंगळवारी सकाळी! भिंतीवर सव्वानऊ आणि विंडोजमध्ये पावणेचार. माझ्या पोटात पुन्हा गोळा आला. तू कॉलेजची सॅक पाठीवर तशीच ठेवून आत आलास, उबुंटू उघडून एक ओळ टाइप केलीस आणि समजावलंस की उबुंटू लॅपटॉपच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. "तुमचं काही चुकलेलं नाही," हेही सांगितलंस. मी विचारलं नव्हतं, तरी.

काल अंकाची सगळी पानं छापखान्यात गेली. लेक आत्ता शेजारी उबुंटूत तिचं प्रॅक्टिकल करते आहे. लाल वही मी कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे. अंक आला की पहिली प्रत घेऊन वर येते.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू