सोमवारी दाढ काढू नकोस

प्रिय सई,

काल फोनवर तू ओठांच्या एकाच कडेने बोलत होतीस. उजवा गाल हलू नये म्हणून, हे मला ऐकूनच कळलं. त्यात सोमवारी दाढ काढायची म्हणालीस आणि मी चिडले. चिडायला नको होतं. पण दाढ काढू नकोस.

एक्स-रेत काही नाही, रूट कॅनाल होऊन पाच महिने झाले, ठोकून पाहिलं तरी दुखत नाही. मग दोष त्या दाढेचा, हे ठरलं कशावरून? चेहऱ्याच्या नसेला तीन फांद्या असतात : एक कपाळ-डोळ्याकडे, एक वरच्या जबड्याकडे, एक खालच्या. दातांच्या नसा शेवटच्या दोन फांद्यांतूनच जातात. म्हणून बिघाड वर नसेत असला तरी दुखल्यासारखी वाटते ती दाढच. आत्याच्या तीन दाढा गेल्या, कळ होती तिथेच राहिली. भूल देऊन पाहतो म्हणाले, तर एवढं लक्षात ठेव : भूल चढूनही दुखत राहिलं तर मूळ दाढेत नाही. थांबलं, तरी दाढच दोषी असं ठरत नाही, कारण त्या भुलेने नसेची कळही थांबू शकते.

त्यापेक्षा दोन आठवडे वहीत लिही. कळ किती टिकते? ब्रश, वारा, घास, बोलणं, नुसता स्पर्श यांनी विजेसारखी चमकून काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत जात असेल, तर ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा, म्हणजे याच नसेच्या दुखण्याचा, विचार होतो. रोज तासन्‌तास बोथट ठणका असेल आणि जागा नेमकी दाखवता येत नसेल, तर ते दुखणं वेगळं. सकाळी जबडा आखडतो, कानापुढे टकटक होते, तर सांधा बघायचा. चावून दात सोडताना कळ येत असेल, तर दाताला तडा गेलेला असू शकतो, आणि तो साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही.

वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. एमआरआय सांगितला, तर तो या नसेसाठी, बारीक छेदांचा आहे ना, हे विचार. नेहमीच्या मेंदूच्या एमआरआयत नसेला टेकलेली रक्तवाहिनी निसटू शकते. तुझ्या वयात तो टाळू नकोस, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) किंवा गाठ नाही हेही त्यातूनच कळतं. गाल बधिर होत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर थांबू नकोस, लगेच सांग. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

विजेसारख्या कळेवरचं औषध, कार्बामाझेपिन, दिलं, तर आधी एचएलए-बी 15:02 ही रक्तचाचणी करायची का, ते विचार. आशियाई वंशाच्या लोकांत ते जनुक जास्त आढळतं, आणि ते असलं तर अंगावर भयंकर पुरळ उठू शकतं. गोळी कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. मनाने एकदम बंद करायची नाही, पण पुरळ दिसलं तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम या औषधाने कमी होतो, तेही सांगून ठेवते. ठणक्यासाठी अमिट्रिप्टिलिन रात्री 10 मिलिग्रॅमपासून देतात. ते नैराश्याचंही औषध आहे म्हणून तुला वेडी ठरवलं असं समजू नकोस. गुण यायला काही आठवडे लागतात.

पुन्हा लेक्चर झालं. माफ कर. पण हनुवटीला टाके पडत होते तेव्हाही तू ‘दुखत नाही’ म्हणत माझाच हात धरून होतीस. किती अभिमान वाटला होता मला. आज त्याचीच भीती वाटते. डॉक्टरांनी विचारलं की दहापैकी चार म्हणू नकोस, नऊ असेल तर नऊच सांग. ब्रश करता येत नाही, नुसती चूळ भरतेस, गालाला उशी लागू देत नाहीस, हेही सांग.

दाढ महिन्याभराने काढता येईल, काढलेली परत बसवता येणार नाही. सोमवारची वेळ रद्द केलीस की मला कळव. फोन नको करूस, बोललीस की कळ येते. नुसतं ‘केली’ एवढं लिही.

तुझी,
आई