सूचना : दिल्ली पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी

सहलीला येणाऱ्या सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.

सोमवारी लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय बंद असते, म्हणून त्या दिवशी कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर पाहू. मिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे, पण आता वर चढता येत नाही; तेव्हा फोटो काढून लगेच मागे फिरू नका. शेजारच्या आवारातला लोहस्तंभ जवळून बघा. सोळाशे वर्षे उन्हापावसात उभा आहे, तरी फारसा गंजलेला नाही. हुमायूनच्या कबरीला घाई नको, निदान दीड तास हवा. ताजमहालाच्या आधीची ही इमारत आणि तिची चारबाग (चार भागांत आखलेली बाग) मला तरी लाल किल्ल्यापेक्षा सरस वाटते.

मंगळवारी सकाळी लाल किल्ला. तिथल्या दिवाण-इ-खासचे, म्हणजे बादशहाच्या खास दरबाराचे, छत नक्की पाहा. तिथली चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी उतरवली होती. पानिपत त्यानंतर काही महिन्यांतच झाले.

तिथून जामा मशीद जवळ आहे. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत. अंगभर कपडे हवेत, चपला बाहेर काढाव्या लागतात. दुपारी फरशी भाजते, मोजे ठेवा. चांदनी चौकात पाकीट सांभाळा.

इंडिया गेट संध्याकाळी, वेळ उरला तर.

मूळ ओळखपत्र सोबत असू द्या. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी कळवावे, लाल किल्ल्यात चालणे बरेच आहे.