वजनाला नो एंट्री, मग वेगाला मोकळीक का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवसा शहरात ट्रक-डंपर येऊ देऊ नका, अशी पत्रे आपल्या सदरात नेहमी येतात. मागणी रास्तच आहे. सोळा टनांचा भरलेला ट्रक ताशी २० किलोमीटरने रांगत असला, तरी त्याची गतिज ऊर्जा ताशी ८० ने धावणाऱ्या एक टनाच्या कारइतकी असते. पण हेच गणित कारच्या बाजूने कुणी मांडत नाही. ती सोळा पट हलकी, वेग मात्र चौपट, आणि तेवढ्यावर तिने ट्रकला गाठले!

वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. शाळेत हे सूत्र सगळ्यांनीच घोकलेले असते. रात्री जेवण झाल्यावर इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर गाडी पिटाळणाऱ्या पोरांनीसुद्धा. त्यांच्या साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलचे स्वारासकट वजन अडीचशे किलो धरा. ८० च्या वेगात तिच्यात सुमारे ६२ हजार जूल ऊर्जा असते, म्हणजे ४० ने जाणाऱ्या एक टनाच्या कारएवढी. कारवाल्याभोवती निदान पत्रा तरी असतो.

नेदरलंड्सचे शास्त्रज्ञ ग्राव्हेसांडे यांनी १७२२ च्या सुमारास मऊ मातीत पितळी गोळे टाकून पाहिले होते. दुप्पट वेगाने पडलेला गोळा चौपट खोल रुतला. आपल्या स्वाराला हाच हिशोब लावला, तर ८० चा वेग म्हणजे साधारण २५ मीटरवरून, आठव्या मजल्यावरून पडणे. ४० चा वेग म्हणजे सव्वासहा मीटर, जेमतेम दुसरा मजला. इथे त्याचे वजन किती, हा प्रश्नच येत नाही.

‘दहाने काय फरक पडतो?’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. दोन सारख्या गाड्या, एक ५० ला, दुसरी ६० ला. दोघींनी एकाच जागी, सारख्याच जोराने ब्रेक दाबले. पहिली जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरी अजून ताशी ३३ किलोमीटरने पुढे जात असते. समोर कुणी रस्ता ओलांडत असेल, तर पहिलीपासून तो वाचला, दुसरीपासून नाही. चालकाला ब्रेक दाबायला जो क्षणभर उशीर होतो, तो यात धरलेलाच नाही.

हे आता लिहायचे कारण बीआरटीएस, म्हणजे आपल्याकडची फक्त बससाठी जाळ्या लावून राखलेली मार्गिका. २०१३ पासूनची ही मार्गिका हटवायला उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये हिरवा कंदील दिला. जाळ्या निघाल्या की निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत रस्ता ऐसपैस होणार, आणि रुंद रस्त्यावर पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. तेव्हा नव्या दुभाजकांच्या आराखड्यातच वेगमर्यादेचे फलक आणि वेग टिपणारे कॅमेरे धरावेत. सुपर कॉरिडॉर आणि रिंग रोडवर तर रात्रीची तपासणी आधी सुरू व्हावी, आणि तिथे हेल्मेटबरोबर वेगाचेही चालान फाटावे.

आपला,
रामबागेतील एक वाचक, इंदूर