खाडीकाठच्या बागेला लॉन कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणापासून खाडीचे तिवर, म्हणजे खारफुटीची झाडे, दोनशे पावलांवर आहेत. मधल्या पट्ट्यात चार वर्षांत तीनदा लॉन अंथरून झाले. दर वेळी लाल मातीचे ट्रक आले, शोभेचे पाम आले, पाठोपाठ पाण्याचे टँकर आले. पावसाळ्यात सगळे हिरवेगार दिसते. मार्च लागला की मातीवर पांढरी खर धरते, पामची पाने टोकाकडून करपू लागतात आणि मे सरता सरता गवताची पिवळी चटई उरते. ठेकेदार म्हणतो, पाणी कमी पडले. मला वाटते, ही जागा कोणती आहे हेच कोणी विचारले नाही.

ही जमीन भरावाची. खाली खाडीचा काळा चिखल आणि त्यात मुरलेले मीठ. उन्हाने वरची माती सुकली की खालचे खारे पाणी वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. लॉनची मुळे वरच्या थरातच, म्हणजे नेमकी त्या मिठात. माझे सासरे खारजमीन कसायचे. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघेपर्यंत ते भाताची घाई करत नसत. ओहोटी लागली की उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खारट पाणी खाडीला सोडून देत. बागेचे गणितही तेच आहे. झाडे लावायची ती जूनच्या सरी चांगल्या लागल्यावर, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरलेले असते आणि उन्हाळ्यापर्यंत मुळे खोल जातात. आळ्यात पाचोळ्याचा जाड थर ठेवला, तर उन्हाळ्यात मीठ वर येणेही कमी होते. आमच्याकडे मात्र रोज सकाळी पाचोळा झाडून कचऱ्याच्या गाडीत भरतात!

कोणते झाड कुठे लावायचे हे विचारायला लांब जायला नको. भरतीच्या वेळी बांधावर उभे राहून खाडीकडे पाहावे. रोज पाणी चढते तिथे तिवर आहे. तो पानांतून मीठ बाहेर टाकतो आणि चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतो. चिप्पीही तिथलीच, पांढऱ्या चिप्पीला तर २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष, म्हणजे खारफुटीचा वृक्ष, म्हणून मान मिळाला. काठाला काटेरी पानांची मारांडी, निळ्या-जांभळ्या फुलांची. त्याच्या वर, जिथे खारे वारे पोचतात पण भरतीचे पाणी रोज येत नाही, तिथे भेंडी, करंज, उंडी. इथली भेंडी म्हणजे भाजीची नव्हे. सकाळी पिवळे उमललेले फूल संध्याकाळी तांबूस करणारे हे झाड. आपली बाग या वरच्या पायरीवर सुरू व्हावी. खाडीकडच्या बाजूला भेंडी आणि करंज दाट लावून वारा अडवावा, त्यांच्या आडोशाला उंडीची सावली आणि बसायच्या जागा, त्यामागे निरगुडी आणि अडुळसा. खाली सपाट काँक्रीट नको. पाणी जिरेल अशी मुरमाची पायवाट पुरे.

कोकणातल्या पुळणीवरची मर्यादवेल इथे आणून लावा, असेही सुचवले जाते. वेल सुंदर आहे, पण ती वाळूची. आपला काठ चिखलाचा आहे. समुद्रकिनारा आणि खाडीकिनारा यांत एवढा फरक तरी करायला हवा.

बांधाच्या पलीकडे मात्र काहीही लावू नये, कांदळवनसुद्धा नाही. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची सपाटी ओसाड वाटते म्हणून तिथे रोपे लावायचा उत्साह अनेकांना येतो. पण रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) ताट तेच आहे. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये ठाणे खाडीत अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, आणि आपण काठावर प्रखर दिव्यांचे खांब रोवून रात्रभर उजेड त्याच सपाटीवर पाडतो. बागेतले दिवे बुटके, पायवाटेकडे वळवलेले आणि रात्री बंद होणारे असावेत. ही मागणी मी फार कळकळीने करते आहे, कारण हिवाळ्यात संध्याकाळी गच्चीवरून तो गुलाबी पट्टा माझी नात रोज शोधते.

लॉन सरसकट नको असे माझे म्हणणे नाही. मुलांना पळायला एक तुकडा लागतोच. तो इमारतीजवळ, भर उंच आहे तिथे ठेवावा. उरलेला पट्टा काठाच्या झाडांना द्यावा. पालिकेने खाडीलगतच्या उद्यानांच्या निविदा काढताना झाडांच्या यादीत भेंडी, करंज आणि उंडी आधी लिहावीत, आणि ठेकेदाराचे शेवटचे देयक लागवडीनंतरचे दोन उन्हाळे पाहून द्यावे.

आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत मी हाच विषय मांडणार आहे. करंजाच्या शेंगा आणि भेंडीची बोंडे गावठाणातून गोळा करून ठेवली आहेत. आसपासच्या कोणत्या सोसायटीला हवी असतील तर त्यांनाही पुरतील इतकी आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई