नीलसाठी ऐकलेली गाणी

पुणे, रविवार संध्याकाळ

प्रिय माधवी,

तुझ्याकडून निघाले त्या रात्री मला झोप लागली नाही. नील पलंगाखाली, दोन्ही कानांवर उशी दाबून, आणि तू फरशीवर आडवी होऊन त्याच्याशी हळूहळू बोलत होतीस. ते डोळ्यांपुढून हलेना. त्याआधीची दहा मिनिटं किती छान गेली होती गं! अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ लागोपाठ तीनदा लावलं आणि तुझा लेक स्पीकरच्या लाकडी खोक्यावर तळहात टेकवून, डोळे मिटून, बेस (गाण्यातला खालचा, जाड सूर) हातानं ऐकत होता. चौथ्यांदा लावायच्या आत फोननं आपणहून पुढचं गाणं लावलं, आणि जेम्स ब्राउनची ती किंकाळी. ‘आय गॉट यू’ची सुरुवातच तिनं होते. आवाज मी वाढवला नव्हता, तरी चूक माझीच. पुढे काय लागणार हे मला माहीत असायला हवं होतं.

तू फोनवर म्हणालीस, ‘जाऊ दे, त्याला गाणी नकोतच.’ असं नको गं म्हणूस. चार वर्षांपूर्वी वरातीतल्या डीजेच्या भिंतीसमोरून गेले आणि माझे कान असे झाले, की पातेल्यावर पळी आपटली तरी दातांपर्यंत कळ जायची. ते सबंध वर्ष मी गाणं बंद ठेवलं. दिवसभर कानात बोळे. शेवटी ऑडिओलॉजिस्टबाईंनीच, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, ते सोडवले. कान सारखे झाकून ठेवले तर मेंदू साधे आवाजही वाढवून ऐकायला लागतो, असं त्यांनी समजावलं. नीलचं कारण वेगळं आहे आणि माझ्या कानांचं माप त्याला लावता येणार नाही, हे मला कळतं. पण त्याच्या तळव्याखाली जे चाललं होतं ते मी पाहिलंय. म्हणून गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी वही घेऊन बसले आणि सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या संगीताची, गाणी त्याच्यासाठी ऐकली, प्रत्येक गाणं अगदी शेवटपर्यंत.

तुला आठवतं, गणपतीत ढोल वाजत असताना तो गॅलरीत उभा राहिला होता, आणि ताशाची तर्री सुरू झाल्याबरोबर आत पळाला? मला त्यात सगळं सापडलं. ढोल काही हळू वाजत नाही. पण तो जाडसर आहे आणि पुढचा ठोका कधी येणार ते कळतं. ताशा कानात सुईसारखा जातो. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्टीत सगळ्यात तिखट असतो. बाळाचं रडणं, किंकाळी, ट्रम्पेटचा कडक सूर, सगळं तिथे टोचतं. त्यामुळे मी गाणं ‘मोठं’ आहे का हे पाहिलंच नाही. सुरुवात कशी होते, धातूचं काय वाजतं, ओरडणं कुठे आहे आणि त्याची चाहूल आधी लागते का, एवढंच टिपलं.

अल ग्रीन पहिल्या पानावर. १९७१ चं हे गाणं मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओतलं. ती जागा म्हणजे जुनं सिनेमा थिएटर. निर्माता विली मिचेल त्याला सारखा सांगायचा, जोर लावू नकोस, हळू गा. ड्रमही बोथट आहेत, जणू वर गोधडी टाकलीय. सुरुवातीला ब्रासची (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांची) एक छोटी ओळ येते, तेवढी नीलला आधी सांगून ठेव.

बिल विदर्सचं ‘एन्ट नो सनशाइन’ (हेही १९७१ चं) जेमतेम दोन मिनिटांचं आहे. मध्ये तो दोनच शब्द सलग २६ वेळा म्हणतो. कुणाला ते कंटाळवाणं वाटेल, पण नील मोजत बसेल आणि खूश होईल, मला खात्री आहे.

ओटिस रेडिंगनं मात्र मला दोन दिवस अडवलं. ‘डॉक ऑफ द बे’ लाटांच्या आवाजानं सुरू होतं, सगळं गाणं संथ आहे, आणि शेवटी शीळ येते. कुकरच्या शिट्टीला नील कसा दचकतो हे माहीत असल्यामुळे मी ती शीळ पंधरा-वीसदा ऐकली. ती हलकी आहे, पण वरच्या सुरात आहे. डिसेंबर १९६७ मध्ये, हे गाणं रेकॉर्ड केल्यावर काही दिवसांतच, विमान अपघातात तो गेला. तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. मला ती शीळ फार जवळची आहे, म्हणून माझ्या मतावर विसंबू नकोस. पहिल्यांदा शेवटचं अर्धं मिनिट आवाज कमी कर. त्याचंच ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ मात्र आत्ता नको. ते फुंकर घातल्यासारखं सुरू होतं, मग ड्रमच्या कडेवर घड्याळासारखी टिकटिक, आणि शेवटी तो जीव तोडून गातो. टिकटिक नीलला सहन होत नाही हे तूच सांगितलं होतंस.

डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाणी मी निवडून घेतली. गाणं गाडीतल्या छोट्या रेडिओवर उठून दिसावं म्हणून ते लोक लहान स्पीकरवर ऐकून मिक्स, म्हणजे कुठला आवाज किती पुढे ठेवायचा ते, पक्कं करायचे. त्यामुळे खंजिरी आणि टाळ्या फार पुढे येतात. ‘नोव्हेअर टु रन’मध्ये तर बर्फात गाडीच्या चाकांना बांधायच्या साखळ्या हलवून वाजवल्यात. ते अजिबात नको. पण तिथलाच जेम्स जेमरसन एका बोटानं बेस गिटार वाजवायचा आणि तो नीलच्या तळहातासाठीच आहे गं! मार्विन गेचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ त्याच्यासाठी लाव, फक्त सुरुवातीचा माणसांचा गलका वगळून. एकावर एक बोलणाऱ्या आवाजांनी तो गोंधळतो.

हेडफोन नकोत. १९६० च्या दशकातल्या कितीतरी स्टिरिओ रेकॉर्डांत ड्रम एका कानात आणि गाणारा दुसऱ्या कानात असतो, मला त्यानं भोवळ येते. स्पीकरच बरा. ट्रेबल (वरचे, टोकदार सूर) थोडं उतरव. आवाजाचं बटण त्याच्याच हातात दे. पुढचं गाणं आपोआप लागण्याची सोय मी फोनमधून काढून टाकलीय, तूही काढ.

एक गोष्ट मनात सलते. ती किंकाळी काही दिखाव्याची नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून, प्रार्थनेत अंगात भिनलेल्या हाकेतून ती आलीय. ती गाळून मी नीलला अर्धंच संगीत देतेय का? पण अल ग्रीन पुन्हा ऐकला की वाटतं, कुजबुजीतही ती हाक पुरती आहे. किंकाळी आहे हे नीलला आपण सांगू. कधी ऐकायची ते तो ठरवेल.

पुढच्या शनिवारी मी ठाण्याला येतेय. अकरा गाण्यांची यादी मोठ्या अक्षरांत लिहिलीय, प्रत्येकापुढे सुरुवातीला काय वाजतं त्याचं चित्र काढलंय. आधी त्याला ती वाचू दे. स्पीकर मी दाराबाहेरच ठेवीन, त्यानं ‘आण’ म्हटल्यावरच आत आणीन.

तुझी,
वसुधा