पंप बदलण्याआधी क्रँक सेन्सर तपासा

महोदय,

उन्हाळ्यात खंबाटकीसारख्या घाटात बॉनेट उघडून थांबलेल्या सगळ्याच गाड्यांचे पाणी उकळलेले नसते. इंजिन तापल्यावर चालती गाडी अचानक बंद पडते, सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही आणि अर्ध्या तासाने ती मुकाट्याने सुरू होते. अशा वेळी अनेक गॅरेजांत आधी फ्युएल पंप बदलतात, मग प्लग, मग कॉइल. क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिनचा फिरता मुख्य दांडा (क्रँक) कुठे आहे हे सांगणाऱ्या सेन्सरकडे, कोणी बघतच नाही, आणि ग्राहकाचे हजारो रुपये वाया जातात.

हा सेन्सर फ्लायव्हील किंवा क्रँक पुलीच्या दातेरी चकतीसमोर बसतो. बऱ्याच गाड्यांत चकतीवर 60 दात्यांच्या जागी 58 असतात. गाळलेल्या 2 दात्यांच्या खाचेवरून ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) क्रँकची स्थिती कळते. सिग्नल तुटला की ठिणगी आणि इंधन एकदमच थांबते, म्हणून गाडी चावी फिरवल्यासारखी बंद होते. पंप कमजोर असेल तर ती आधी ओढ सोडते, झटके देते. गाडी गिअरमध्ये पुढे जात असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर आला, तर संशय बळावतो. सगळा डॅशबोर्डच विझला, तर बॅटरीचे टर्मिनल आधी बघावे.

तपासणी गाडी तापलेली असतानाच करायला हवी. दोन वायरींच्या सेन्सरमधली बारीक तार तापल्यावर तुटते आणि निवल्यावर टोके पुन्हा टेकतात. थंड गाडीत सगळे ठीकच दिसते. क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा पी0335 हा कोड ईसीयूमध्ये दरवेळी साठतोच असे नाही. स्कॅनर लावून सेल्फ मारा. सेल्फ नीट फिरत असताना आरपीएम शून्यच दिसला, तर सेन्सर किंवा त्याचे वायरिंग पकडा. कपलर (सेन्सरच्या वायरींचा जोड) काढून मल्टिमीटरने ओहम मोजा: थंड असताना साधारण 500 ते 1500 (नेमका आकडा मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये) आणि तापल्यावर ओपन (तार तुटलेली) दिसले, तर सेन्सर गेला. तीन वायरींच्या हॉल सेन्सरवर (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या प्रकारावर) ओहम मोजू नका, तो जळू शकतो. त्याचा सप्लाय, अर्थिंग आणि सिग्नल तपासा.

नवा सेन्सर घालण्याआधी कपलरमधले ऑइल, सायलेन्सरजवळ वितळलेली वायर आणि सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस बघावा. काही मॉडेलमध्ये सेन्सर बदलल्यावर स्कॅनरने रीलर्न करावे लागते, म्हणजे ईसीयूला नव्या सेन्सरशी जुळवून घ्यावे लागते.

गॅरेजवाल्यांनी बिलावर थंड आणि गरम असताना घेतलेली दोन्ही रीडिंग लिहावीत, आणि ग्राहकांनी ती मागून घ्यावीत.

— एक शिल्पनिदेशक (मोटार मेकॅनिक), सातारा